लेकीच्या रायफलला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारे वाचक कोल्हापूर जिल्ह्यातले, साखर कारखान्यात नोकरीला आहेत. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकते आणि तीन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल खेळते. दोन वर्षांपूर्वी तिला जुनी, साध्या म्हणजे मेकॅनिकल ट्रिगरची (चापाची) जर्मन रायफल घेऊन दिली. साठ शॉटच्या फेरीत ती सरावात ६२२ गुणांपर्यंत जाते, पण स्पर्धेत ६१४–६१५च्या वर सरकत नाही. रेंजवर शेजारच्या लेनमधल्या मुलीने इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची नवी रायफल घेतली आणि तिचा स्कोअर ६२४वर गेला. विक्रेता म्हणतो, ‘या पातळीला आता इलेक्ट्रॉनिकशिवाय भागत नाही.’ नवी रायफल चार लाखांच्या घरात जाते. पत्नीचं सोनं आणि पतसंस्थेचं कर्ज मिळून पैसे उभे राहतील. पण नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल टोकियोत बिघडलं ते आठवलं की भीती वाटते. शिवाय अमेरिकेत अशी एक रायफल निघाली आणि बंदही पडली, असं त्यांनी वाचलं आहे. मुलगी काहीच बोलत नाही. ‘बाबा, तुम्ही ठरवा,’ एवढंच म्हणते. काय करावं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ट्रिगर, किंमत, कर्ज सगळं बाजूला ठेवून ६२२ आणि ६१५ या दोन आकड्यांपाशीच थांबले. सरावात आणि स्पर्धेत मुलगी तीच, रायफल तीच, ट्रिगरही तोच. ट्रिगर खराब असता तर त्याने सरावातही दगा दिला असता, कारण आज जिल्हा स्पर्धा आहे की रविवारचा सराव, हे यंत्राला कळत नाही. म्हणून स्पर्धेत जाणारे हे सात गुण ट्रिगरच्या डब्यात सापडतील असं मला वाटत नाही. मात्र सरावातला स्कोअरही ६२२वर अडकला आहे, आणि त्याचा रायफलशी संबंध असू शकतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पत्रात ते एकमेकांत मिसळले आहेत आणि विक्रेत्याने दोन्हींवर एकच औषध सांगितलं आहे.

आधी थोडं गणित करू. साठ शॉटमध्ये सात गुण, म्हणजे शॉटमागे साधारण ०.१२. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांशाची (०.१ गुणाची) प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. म्हणजे तुमच्या लेकीचा प्रत्येक शॉट सरासरी ०.३ मिलिमीटर मध्याकडे सरकला की ६१५चे ६२२ होतात. आता इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा जो मोठा फायदा सांगितला जातो, तो ‘लॉक टाइम’ पाहा. चाप सुटल्यापासून छर्ऱ्यामागची हवा मोकळी होईपर्यंतचा हा वेळ. समजा नव्या ट्रिगरने त्यातला ३ मिलिसेकंद वाचवला. तिचा नेम त्या क्षणी लक्ष्यावर सेकंदाला २० मिलिमीटर या वेगाने हलत असेल, तर ३ मिलिसेकंदांत तो ०.०६ मिलिमीटर सरकेल. दशांशाच्या एका पायरीचा हा चौथा हिस्सा आहे, आणि तो नेहमी मध्यापासून दूरच सरकेल असंही नाही. उलट, ‘आता’ असं मेंदूने ठरवल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. वाचवलेल्या वेळेच्या तो साठ-सत्तर पट आहे. शॉट बिघडायचा असेल तर बहुतेक वेळा या पाचव्या हिश्शातच बिघडतो.

याचा अर्थ इलेक्ट्रॉनिक ट्रिगर म्हणजे फसवणूक, असा अजिबात नाही. त्याचे खरे फायदे वेगळे आहेत आणि विक्रेते ते क्वचितच सांगतात. त्यासाठी दोन्ही ट्रिगर कसे चालतात ते समजून घ्यायला हवं.

मेकॅनिकल ट्रिगरमध्ये ताणलेल्या स्प्रिंगवरचा हातोडा लहान-लहान तरफांच्या साखळीने अडवून धरलेला असतो. शेवटच्या दोन पोलादी कडा केसभर एकमेकींवर टेकलेल्या असतात. बोटाने ती केसभर टेक काढली की साखळी सुटते आणि हातोडा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आदळतो. ही सगळी किमया बोटाला शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वजनात जाणवते. त्या कडा किती गुळगुळीत आहेत, कोणत्या कोनात टेकतात, त्यांवर धूळ किंवा गोठलेलं तेल आहे का, यावर ट्रिगर दर वेळी सारखा सुटतो की नाही हे ठरतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट हातोड्याला अडवणाऱ्या साखळीशी जोडलेलंच नसतं. ते फक्त एक विद्युत संपर्क जुळवतं किंवा प्रकाशाचा किरण अडवतं, आणि पुढचं काम विद्युतचुंबक करतो. म्हणून बोटाला काय जाणवावं हे बनवणाऱ्याला मोकळेपणाने ठरवता येतं. सुटण्याची जागा कायम तीच राहते, कडा झिजण्याचा प्रश्न नसतो आणि आतला धक्काही कमी असतो. कोरडा सराव, म्हणजे छर्रा न घालता केलेलं ड्राय फायरिंग, खऱ्या शॉटच्या अगदी जवळचा वाटतो. रोज दोनशे-तीनशे ड्राय शॉट मारणाऱ्या खेळाडूला हा फायदा मोठा आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या काही मुली इलेक्ट्रॉनिकवर गेल्या आणि परत मागे आल्या नाहीत.

पण एक गैरसमज मला वारंवार ऐकू येतो की इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ‘आपोआप’ सुटतो, बोटाची चूक खपवून घेतो. तसं नाही. त्यालाही वजन असतं, त्यालाही फर्स्ट स्टेज (चापाची सुरुवातीची मोकळी ओढ) आणि सेकंड स्टेज (सुटण्याआधीचा शेवटचा विरोध) असतात. मुलगी चाप दाबताना मनगट आवळत असेल, तर इलेक्ट्रॉनिक ट्रिगर तो आवळलेला क्षण अधिक इमानाने लक्ष्यावर उतरवेल. उलट सवयीचा विरोध बोटाला न सापडल्याने पहिल्या काही आठवड्यांत मनाआधीच शॉट सुटतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की नवा ट्रिगर घेतलेल्या मुलीला दोन-तीन महिने स्पर्धेत उतरवायचं नाही, असा नियमच करून टाकला होता.

शेजारच्या लेनमधल्या मुलीचं काय, असं तुम्ही विचाराल. तिचं कौतुक करूया, पण तिने फक्त ट्रिगर बदलला नाही, अख्खी रायफल बदलली. नवा स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, तिच्या आजच्या उंचीला बसवून घेतला असेल, बॅरल नवी, छर्ऱ्यांचा लॉटही कदाचित नव्याने तपासून घेतला असेल. नव्या हत्याराचा उत्साहही काही आठवडे स्कोअर वर नेतो. यातलं कशामुळे किती झालं, हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका आकड्याकडे परत यावंसं वाटतं. रायफल दोन वर्षांपूर्वी घेतलीत, तेव्हा मुलगी चौदाची होती. चौदा ते सोळा या वयात उंची वाढते, हात लांबतो, पंजा मोठा होतो, मान आणि खांदा यांतलं अंतर बदलतं. तेव्हा बसवलेली रायफल तिला आजही बसते का? स्टॉकची लांबी, गालाखालचा चीकपीस, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची उंची आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रिगरची पाती पुढे-मागे किती आहे, हे शेवटचं कधी पाहिलं? बोटाच्या पहिल्या पेराच्या मधल्या गादीने पाती सरळ मागे आली पाहिजे. पंजा वाढला आणि पाती जुन्याच जागी राहिली, तर बोट सांध्यापाशी टेकतं, चाप तिरका ओढला जातो किंवा बोटाची बाजू ग्रिपला घासते. लक्ष्यावर हे सगळं ‘ट्रिगर खराब’ असंच दिसतं. खरं तर ट्रिगर ठीक असतो आणि मुलगी मोठी झालेली असते. हे दुरुस्त करायला एक ॲलन की आणि अनुभवी प्रशिक्षकाचे दोन तास लागतात. तुमच्या घरात नेमकं हेच झालं असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सरावातल्या त्या अडकलेल्या ६२२साठी मी पहिल्यांदा इथेच पाहिलं असतं.

दोष ट्रिगरचा की हाताचा, हे ओळखता येतं, त्यासाठी अंदाज करत बसावं लागत नाही. स्कॅट नावाचं उपकरण बऱ्याच रेंजवर आणि प्रशिक्षकांकडे असतं. बॅरलला एक छोटा सेन्सर लावतात आणि नेम लक्ष्यावर कसा फिरला याची रेघ पडद्यावर उमटते. शॉटआधीचा शेवटचा एक सेकंद पिवळ्या रंगात दिसतो आणि शेवटचे ०.२ सेकंद निळ्या. तिचे साठ शॉट असे नोंदवून घ्या आणि फक्त निळा भाग पाहा. पिवळी रेघ मध्याजवळ शांत फिरतेय आणि निळी अचानक दर वेळी एकाच बाजूला पळतेय, तर गडबड चाप ओढण्यात आहे. पिवळी रेघच मोठी फिरत असेल तर प्रश्न होल्डचा, म्हणजे उभं राहण्याचा, तोलाचा आणि श्वासाचा आहे. मग सोन्याचा ट्रिगर बसवला तरी फरक पडणार नाही. जमलं तर एकदा एखाद्या छोट्या क्लब स्पर्धेतही स्कॅट लावू द्यायची आयोजकांना विनंती करा. सराव आणि स्पर्धा यांतला फरक त्या दोन चित्रांत समोरासमोर दिसेल.

स्कॅट मिळत नसेल तर जुनी युक्ती आहे. प्रशिक्षकांनी रायफल भरून द्यायची, मुलीने दुसरीकडे बघायचं. कधी छर्रा घालायचा, कधी ड्राय ठेवायची. रायफलीचं तोंड अर्थातच कायम लक्ष्याकडेच हवं. ड्राय शॉटला नळीचं टोक दचकलं, तर बोट शॉटची वाट बघत आवळतंय हे सगळ्यांना दिसेल, तिलाही. त्यानंतर महिनाभर रोज वीस शॉट कोऱ्या पांढऱ्या कार्डावर मारायचे. ठिपका नाही, गुण नाहीत, फक्त चाप ओढायचा. पहिला आठवडा मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, पण या सरावाने बोटाची भीती गेलेली मी कितीतरी मुलांमध्ये पाहिली आहे.

ट्रिगरमध्येच खरोखर दोष निघाला, तरी आधी त्याची सर्व्हिस करून घ्या. जुनी रायफल आहे, आधीच्या मालकाने काय-काय केलं असेल सांगता येत नाही. ट्रिगरच्या डब्यात शिलाई मशीनचं तेल सोडणारे पालक मी पाहिले आहेत. ते तेल महिन्याभरात धूळ ओढून चिकट होतं आणि मग सेकंड स्टेज एकदा हलकी, एकदा जड लागते. एकदा राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एका मुलाचा ट्रिगर अचानक लांब सुटायला लागला होता. एसटीच्या प्रवासात एक स्क्रू पाव फेरा ढिला झाला होता, एवढंच. पाच मिनिटांत तो बसवला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा व्यवस्थित खेळला. साध्या ट्रिगरचं हे मोठं सुख आहे. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक वेळा हातांनी दुरुस्त होतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. २०२१च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली. तिने ५७५ गुण मिळवले, ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ‘इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला’ अशी बातमी त्या दिवशी सगळीकडे फिरली. तिचे प्रशिक्षक रौनक पंडित यांनी मात्र पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर, म्हणजे शॉटआधी पिस्तूल सज्ज करायचा दांडा, तुटल्याचं सांगितलं. म्हणजे मोडला तो एक साधा यांत्रिक भाग. तो साध्या ट्रिगरच्या पिस्तुलातही तुटू शकला असता. याच मनूने २०२४मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं जिंकली. त्या प्रसंगातून आपण शिकायचं ते वेगळंच आहे. स्पर्धेत हत्यार बिघडलं तर कोणी, किती वेळात, काय करायचं, याची तालीम आधीच झालेली हवी. ही तालीम तुमच्या लेकीनेही करावी, तिचा ट्रिगर कुठलाही असला तरी. साठ शॉटना ७५ मिनिटं असतात. त्यातली दहा गेली तर उरलेले शॉट कोणत्या लयीत मारायचे, हे एकदा सरावात मुद्दाम घड्याळ लावून करून बघा.

अमेरिकेतल्या ज्या रायफलीबद्दल तुम्ही वाचलंत ती बहुधा रेमिंग्टनची इट्रॉनएक्स असावी. ती २००० साली बाजारात आली आणि २००३पर्यंत बंदही झाली. पण ते प्रकरणच निराळं होतं. त्यात नुसता ट्रिगर नाही, तर काडतूस पेटवण्याचं कामच विजेवर होतं. फायरिंग पिन आदळायची नाही, तर ९ व्होल्टच्या बॅटरीतून आलेला विद्युतप्रवाह खास बनवलेल्या प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागाला) पेटवायचा. ती खास काडतुसं गावोगावी मिळेनात आणि शिकाऱ्यांना ते नको झालं. तुमच्या लेकीच्या खेळातला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फक्त हातोडा किंवा व्हॉल्व्ह सोडतो. छर्रा तोच, हवा तीच. सामन्याच्या पिस्तुलांत असे ट्रिगर कित्येक वर्षं नावाजलेल्या खेळाडूंच्या हातात आहेत, आणि वॉल्थरसारख्या कंपन्यांच्या एअर व .२२ रायफलींतही ते मिळतात. तेव्हा ही भीती मनातून काढून टाका.

नियमांचीही अडचण नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला परवानगी देतो. सगळे भाग रायफलीच्या ॲक्शनमध्ये (मुख्य यंत्रणेत) किंवा स्टॉकमध्ये पक्के बसलेले हवेत, तपासणीला रायफल द्याल तेव्हा सगळं जोडलेलं हवं आणि एकूण वजन-माप मर्यादेत हवं. एअर रायफलसाठी वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरच्या ओढीला किमान ५०० ग्रॅमची अट असते, तशी किमान अट एअर रायफलला नाही. ‘इलेक्ट्रॉनिकमुळे हलका ट्रिगर मिळेल’ ही आशाही म्हणूनच फारशी खरी नाही. तो तुमच्या आजच्या रायफलीतही मिळतो.

खरी भीती बाळगायची असेल तर ती दुरुस्तीची बाळगा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं सर्किट गेलं. इथे कोणी उघडायला तयार नव्हतं, तो भाग परदेशी पाठवावा लागला आणि परत यायला साडेतीन महिने लागले. तेवढा काळ ती मैत्रिणीची रायफल मागून खेळली. तिचा राज्य स्पर्धेचा हंगाम त्यातच गेला आणि तिने रडत मला विचारलं होतं, ‘मॅडम, जुनी विकलीच कशाला?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती विकायचा सल्ला माझाच होता. तेव्हापासून मी सांगते, ज्या घरात दुसरी रायफल नाही, त्या घराने इलेक्ट्रॉनिक घेताना दहा वेळा विचार करावा. दुसरा प्रसंग त्यामानाने सुखाचा. एकीची बॅटरी नेमकी सायटिंगच्या, म्हणजे गुण न धरलेल्या चाचणी शॉटच्या, वेळात संपली, कारण आदल्या रात्री बटण चालूच राहिलं होतं. पण किटमध्ये नवा सेल होता आणि डोळे मिटून तो बदलायची सवय तिला लावली होती. मिनिटभरात ती पुन्हा उभी राहिली.

हवामानाचाही विचार करा. तुमच्याकडे आणि त्याहून जास्त कोकणात पावसाळ्यात केसच्या फोममध्ये दमट हवा अडकून राहते. साध्या ट्रिगरला त्याने गंज चढतो, इलेक्ट्रॉनिकच्या संपर्कांवर थर बसतो. कुठलाही असो, घरी आल्यावर केस उघडी ठेवायची आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या टाकायच्या. दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर डिसेंबर-जानेवारीत खेळायची वेळ आली तर थंडीने सेल लवकर दम सोडतात. तिथे सकाळी नवा सेल घालूनच उभं राहायचं. हे पत्र वाचणाऱ्या ५० मीटरवाल्यांनाही हेच सांगणं आहे. उघड्या रेंजवर वारा, पाऊस, ऊन सगळंच जास्त, म्हणून त्यांनी बॅटरीची काळजी दुप्पट घ्यावी.

एवढं सगळं पाहून, स्कॅटवर निळा भाग खरोखर पळतोय, सर्व्हिस आणि फिटिंग होऊनही पळतोय, आणि मुलीला स्वतःला बदल हवाय, असं ठरलं तर घ्या. पण घेण्याआधी कुणाची तरी इलेक्ट्रॉनिक रायफल दोन-तीन आठवडे तिच्या हातात देऊन बघा. रेंजवर माणसं मदतीला उभी राहतात, मागायला लाजू नका. विक्रेत्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. सर्किट गेलं तर भारतात कोण बदलतं आणि किती दिवसांत? बॅटरी कुठली, आणि ती कोल्हापुरात रविवारी सकाळी दुकानात मिळेल का? बॅटरी उतरत आली की आधी इशारा मिळतो का? उत्तरं तोंडी नकोत, लिहून घ्या. आणि राज्य स्पर्धा, मावळणकर (राष्ट्रीयआधीची पात्रता स्पर्धा), राष्ट्रीय ही साखळी सुरू व्हायच्या तोंडावर बदल नको. हंगाम संपला की घ्या, म्हणजे सवय व्हायला वेळ मिळेल. जुनी रायफल लगेच विकू नका, निदान वर्षभर तरी. इलेक्ट्रॉनिक जुन्यात घेणाऱ्या वाचकांनी पैसे देण्याआधी किमान शंभर शॉट मारून पाहावेत आणि सर्किट कधी बदललंय का ते विचारावं.

स्पर्धेतल्या सात गुणांवरचा उपाय वेगळा आहे, आणि तो चार लाखांपेक्षा खूप स्वस्त आहे. वर्षाला किती स्पर्धा खेळते ती? तुमच्या पत्रात दोनच दिसतात, जिल्हा आणि राज्य. त्या वाढवा. पुणे, मुंबई, सांगलीकडे वर्षभर लहान-मोठ्या खुल्या स्पर्धा होत असतात. बालेवाडीच्या मोठ्या हॉलमध्ये, अनोळखी मुलींच्या मधोमध, नाव पुकारल्यावर उभं राहायची सवय व्हायला वेळ लागतो. कर्जाच्या एका वर्षाच्या हप्त्यांत तिच्या कितीतरी स्पर्धांची फी, प्रवास आणि चांगल्या लॉटचे छर्रे बसतील. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक जिंकल्यापासून मला येणाऱ्या पत्रांत रायफलींच्या किमती खूप असतात, स्पर्धांची संख्या फार कमी. तो कांबळवाडीहून निघून तिथवर पोचला त्यामागे किती वर्षांचा सराव आणि किती स्पर्धा होत्या, हेही मुलांना सांगायला हवं.

शेवटची गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे. तुम्ही लिहिलंय, ‘प्रत्येक शॉटनंतर मी स्क्रीनकडे बघतो आणि ती माझ्याकडे बघते.’ हे वाक्य मला लागलं. तुम्ही तिच्यासाठी जिवाचं रान करताय आणि हे तिला नक्की कळतं. म्हणूनच ‘बाबा, तुम्ही ठरवा,’ हे तिचं उत्तर मी होकार म्हणून घेणार नाही. आईचं सोनं गहाण पडणार असेल तर सोळा वर्षांची मुलगी ‘नको’ कसं म्हणेल आणि ‘हवं’ तरी कसं म्हणेल? पैशांचा विषय न काढता एकदा तिला विचारा, ‘चाप ओढताना तुला बोटाला नक्की काय जाणवतं?’ ‘अडकतो’ म्हणाली, ‘कधी लवकर, कधी उशिरा सुटतो’ म्हणाली, तर ट्रिगर उघडून बघायला हवा. ‘भीती वाटते’ म्हणाली तर तिच्या शेजारी बसा. मधे बोलू नका, तिला सगळं सांगू द्या. पुढच्या स्पर्धेत तिच्या पाठीमागे उभं न राहता बाहेर चहाच्या टपरीवर थांबून बघा, तिलाच आधी विचारून. काही मुलांना आईबाप मागे असले की आधार वाटतो, काहींना त्याचंच ओझं होतं. तुमची कुठली, हे तीच सांगू शकेल.

आणि एक काम मात्र लगेच करा, ते ट्रिगरपेक्षा तातडीचं आहे. रायफल जुन्यात घेतलेली आहे, तेव्हा हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहा. सहसा त्याची मुदत १० वर्षांची असते. आत २०० बारच्या आसपास दाब असतो. मुदत उलटलेला सिलिंडर धोक्याचा, आणि स्पर्धेत तो मुदतीतला असण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मुदत संपली किंवा संपत आली असेल तर पतसंस्थेत जाण्याआधी नवा सिलिंडर मागवा, आणि तोवर जुना भरू नका.

स्कॅटची चित्रं मिळाली की मला पाठवा. तिलाच पाठवायला सांगा.